व्हीगन आहार : नेम असावा, हट्ट नसावा

वर्षावास लागला की आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्यातील अनेक घरी मांस-मच्छी बंद असते. पनवेल परिसरातले काही तरुण उपासक-उपासिका आता त्याच्याही पुढे जाऊन दूध, दही, तूप, अंडी, मध सोडतात. यालाच व्हीगन आहार म्हणतात. प्राण्यांविषयीच्या करुणेतून घेतलेला हा निर्णय स्वागतार्हच आहे. घोळ होतो तो शंभर टक्के पाळण्याच्या हट्टाने. बिस्किटात दूध पावडर निघाली की सगळेच मोडले असे वाटते, आणि आठवड्याभरात सगळे सुटते.

व्हीगन हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. त्यांच्या व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतसुद्धा शक्य आणि व्यवहार्य असेल तेवढे, अशी सवलत आहे. आपल्याकडे याहून जुना दाखला आहे. भिक्खूंनी जन्मभर मांस-मासे खाऊ नयेत असा नियम करा, अशी मागणी देवदत्ताने केली होती. भगवान बुद्धांनी ती मानली नाही. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही, असा भेद केला आहे. तत्त्व माणसाला विचार करून वागण्याची मोकळीक देते. देवदत्ताला नेमकी तीच मोकळीक नको होती.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. ताट वेगळे, तवा वेगळा, मच्छी शिजलेल्या घरचे पाणीही नको, इथवर गोष्ट गेली की ती करुणा राहत नाही, सोवळे होते. त्या सोवळ्याचे चटके आपल्या आज्या-पणज्यांनी सोसले आहेत. आजी सुकट भाजते म्हणून तिच्या हातची तांदळाची भाकरी नाकारणारा नातू नक्की कोणत्या प्राण्याला वाचवतो? हिवाळ्यात पोपटी लागली तर मडक्यातल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी आपल्या वाट्याला घ्यावीत आणि सगळ्यांबरोबर बसावे. कोंबडी ज्यांना खायची ते खातील.

काटेकोरपणा करायचाच असेल तर तो ‘बी-१२’ या जीवनसत्त्वाबाबत करा. वनस्पतीजन्य अन्नातून ते भरवशाने मिळत नाही. यकृतात साठा असल्याने कमतरता लगेच कळत नाही, काही वर्षांनी कळते. हातापायांना मुंग्या, थकवा, जीभ लाल होऊन दुखणे, विसरभोळेपणा ही तिची लक्षणे. वेळीच उपचार झाले नाहीत तर मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. म्हणून दूध-अंडी पूर्ण सोडणाऱ्याने डॉक्टरांना विचारून बी-१२ची गोळी नियमित घ्यावी, अधूनमधून रक्त तपासावे. गरोदर माता आणि लहान मुलांच्या बाबतीत सल्ल्याशिवाय काहीच करू नये.

बाकीचे आपल्या स्वयंपाकघरात आहे. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ, प्रथिनांसाठी वाल, मटकी, चवळी, शेंगदाणे. पालेभाजीतले लोह अंगी लागावे म्हणून वर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, मग तो बिनदुधाचा का असेना.

पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहाराचा असतो, त्या पदार्थात दूध असू शकते. घटकांची यादी वाचावी. पण हीच नजर औषधांवर लावू नये. पुष्कळ कॅप्सूलचे आवरण प्राणिजन्य जिलेटिनचे असते, अनेक गोळ्यांत दुधातली साखर असते. तेवढ्यासाठी क्षयरोगाची किंवा रक्तदाबाची गोळी बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. पर्याय असेल तर डॉक्टर सांगतील, नसेल तर मुकाट्याने घ्यावी.

वैशाख पौर्णिमेला विहारात खीरदान असते, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. आपल्या भागात नारळाला तोटा नाही. एक पातेले नारळाच्या दुधाचे ठेवता येईल. तांदूळ मऊ शिजवून गूळ विरघळला की आच मंद करावी, नारळाचे घट्ट दूध अगदी शेवटी घालावे आणि उकळी येऊ देऊ नये, नाहीतर ते फुटते.