कंपनीच्या दारातून येणारे सरकार

मार्च १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन सिद्ध केले. आमच्या अभ्यासवर्गांत या पुस्तिकेची चर्चा होते ती प्रामुख्याने राज्य समाजवाद, स्वतंत्र मतदारसंघ आणि स्वतंत्र वसाहतींच्या मागणीमुळे. मूलभूत हक्कांच्या यादीतले एक कलम मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. माणसाचा देह, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची गैरवाजवी झडती वा जप्ती होता कामा नये, आणि शपथेवर मांडलेल्या सबळ कारणावाचून वॉरंट निघता कामा नये, अशी ती तरतूद आहे. अमेरिकेच्या संविधानाची १७९१ ची चौथी दुरुस्ती ज्यांनी वाचली आहे, त्यांना तिचे मूळ सांगावे लागणार नाही.

त्याच निवेदनात आणखी एक विचार आहे. राज्याने हात आखडता घेतला की व्यक्ती आपोआप स्वतंत्र होते, हे मत बाबासाहेबांनी तेथे खोडून काढले आहे. राज्याचे नियंत्रण गेले तरी खाजगी मालकाची हुकूमशाही उरतेच, असा त्यांचा युक्तिवाद. सरकारी झडतीपासून संरक्षण आणि धनशक्तीविषयीचा हा इशारा एकाच दस्तऐवजात यावेत, याचे मर्म आम्ही आज ज्या देशात राहतो त्या अमेरिकेतील पाळतीचा इतिहास वाचताना उमगते. कारण येथे सरकार नागरिकाच्या घरात शिरले ते बहुतेक वेळा दार फोडून नव्हे, तर कंपनीच्या दारातून.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा युद्धकाळातील तारांची तपासणीही संपायला हवी होती. परंतु ऑगस्ट १९४५ मध्ये लष्कराच्या गुप्तवार्ता अधिकाऱ्यांनी वेस्टर्न युनियन, आरसीए आणि आयटीटी या तीन तारकंपन्यांकडे धाव घेतली व परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या तारांच्या प्रती मागितल्या. हे बेकायदा ठरेल, अशी शंका कंपन्यांच्या वकिलांनी व्यक्त केली होती. तरीही प्रती दिल्या गेल्या. पुढे कंपन्यांनी 'आमच्यावर खटले होणार नाहीत ना?' एवढीच हमी वरिष्ठांकडून मागून घेतली. आधी कागदाच्या प्रती, मग छिद्रांकित फिती, मग चुंबकीय फिती, असे साधन बदलत गेले आणि व्यवहार मात्र ३० वर्षे अखंड चालला. एकाही न्यायाधीशाचे वॉरंट नव्हते. 'शॅमरॉक' नावाची ही योजना मे १९७५ मध्ये बंद झाली, तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे कर्मचारी दरमहा सुमारे दीड लाख संदेश वाचत होते.

हे उघड झाले ते सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीमुळे. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे दूरध्वनी व हॉटेलांतील खोल्या चोरून ऐकल्या गेल्या आणि १९६४ मध्ये एफबीआयने त्यांना आत्महत्येस प्रवृत्त करू पाहणारे निनावी पत्र धाडले, हेही याच समितीने जगापुढे मांडले. कृष्णवर्णीयांच्या चळवळीशी नाते सांगणाऱ्या आपल्या समाजाने ध्यानात घ्यावे की, पाळतीचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही. ते हक्क मागणाऱ्यांवर आधी पडते.

या चौकशीतून १९७८ मध्ये परकीय गुप्तवार्ता पाळत कायदा आला आणि त्याचे स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले. पण ते न्यायालयही गुप्त. वॉरंट मागताना तेथे सरकारचीच बाजू ऐकली जाते आणि ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याला खबर नसते. २००१ च्या हल्ल्यानंतर तर हा उंबरठाही सरकारने टाळला. वॉरंटाशिवाय संभाषणे ऐकली जात असल्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर २००५ मध्ये दिली, तीही वर्षभर हातची राखून. पाठोपाठ एटी अँड टी कंपनीतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ मार्क क्लाइन कागदपत्रे घेऊन पुढे आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉल्सम रस्त्यावरील कंपनीच्या इमारतीत ६४१ए क्रमांकाची एक खोली होती. ऑप्टिकल फायबरमधून वाहणारा प्रकाश दुभागून त्याची एक प्रत नेहमीच्या मार्गाने पुढे जाई व दुसरी या खोलीत उतरे. खोलीत शिरण्याची मुभा सरकारने तपासलेल्या माणसालाच होती. क्लाइन हे काही अधिकारी वा नेते नव्हते. ते तारा जोडणारे कामगार होते, आणि आपण काय जोडत आहोत हे त्यांना कळत होते.

ग्राहकांनी कंपन्यांवर खटले भरले. जुलै २००८ मध्ये काँग्रेसने कायदा करून कंपन्यांना पूर्वलक्षी संरक्षण दिले आणि पुढच्याच वर्षी ते खटले निकालात निघाले. या संरक्षणासाठी आग्रह धरणारे राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक माइक मॅककॉनेल हे त्या पदावर येण्यापूर्वी बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन या सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपनीत होते व नंतर तेथेच परतले. पुढे एडवर्ड स्नोडेन नोकरीला होते तेही याच कंपनीत. सरकार कोठे संपते आणि कंपनी कोठे सुरू होते, हे शोधणाऱ्याला येथे रेषा सापडत नाही.

कायद्याला आव्हान देणाऱ्यांचे काय झाले? फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अ‍ॅम्नेस्टी व इतरांची तक्रार फेटाळली. आपल्यावर पाळत आहे, हे तक्रारदारांना सिद्ध करता आले नाही, हे त्याचे कारण. पाळत गुप्त म्हणून पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून दाद नाही! चारच महिन्यांनी स्नोडेन यांची कागदपत्रे प्रसिद्ध झाली.

अलीकडे तर जबरदस्तीचीही गरज उरलेली नाही. जे मागण्यासाठी वॉरंट लागते ते बाजारात विकत मिळते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्पेंटर खटल्यात मोबाइलच्या दीर्घ ठावठिकाण्यासाठी वॉरंट आवश्यक ठरवले. परंतु दलालांकडून खरेदी केलेल्या माहितीला हा निकाल लागू नाही, अशी भूमिका संरक्षण खात्याच्या गुप्तवार्ता संस्थेने घेतली. नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या 'मुस्लिम प्रो' या अ‍ॅपवरील ठावठिकाणा दलालामार्फत लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत पोहोचत असल्याचे नोव्हेंबर २०२० मध्ये उघड झाले. हे वाचून आम्ही आमच्याच खिशातील फोनकडे पाहिले. दर रविवारी विहारात आणि १४ एप्रिलला जयंतीच्या सभागृहात जाणारा फोन आपल्या मालकाविषयी पुरेसे बोलतो. आमच्यातील कितीतरी कुटुंबांनी कार्यालयात वा शेजारात आपली जात सांगितलेली नाही. ती कधी, कोणाला सांगायची हा निर्णय त्यांचा आहे, माहितीच्या दलालाचा नव्हे. ही खरेदी रोखणारे विधेयक एप्रिल २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध १९९ मतांनी संमत झाले, पण सिनेटने ते मार्गी लावले नाही. त्याच महिन्यात २००८ च्या कायद्याच्या कलम ७०२ खाली जमलेल्या साठ्यातून अमेरिकी व्यक्तींचे संदेश धुंडाळण्यास वॉरंट सक्तीचे करणारी दुरुस्ती २१२ विरुद्ध २१२ अशा बरोबरीने पडली.

कलम ७०२ आम्हां स्थलांतरितांनी नीट समजून घ्यावे. ते अमेरिकेबाहेरील परकीयांवर रोखलेले आहे. म्हणजे नागपूर वा औरंगाबादेत बसलेली आपली माणसे त्याच्या कक्षेत येऊ शकतात, आणि त्यांच्याशी बोलणारे आपणही ओघाने त्या साठ्यात उतरतो. नागरिक आणि ग्रीनकार्डधारक यांना कायदा 'अमेरिकी व्यक्ती' मानतो, एच-१बी वर आलेल्याला नाही. असा अभियंता सुटीत गावी गेला की तो स्वतःच लक्ष्य होऊ शकतो.

तिकडची बाजूही दिलासा देणारी नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी झडतीविरुद्धच्या संरक्षणाची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती उपयुक्त मानून स्वीकारण्याची तयारी दाखवली, तरी अखेर सभेने ती नाकारली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच अभावावर बोट ठेवून असा हक्क मानण्यास नकार दिला. तो निकाल बदलायला ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले.

तोवर पाळतीचे तंत्र पुढे गेले होते. 'पेगॅसस' हे हेरगिरीचे साधन आपण केवळ सरकारांनाच विकतो, असे इस्रायलची एनएसओ कंपनी सांगते. २०१९ मध्ये ज्यांना व्हॉट्सअ‍ॅपकडून धोक्याची सूचना आली, त्यांत डॉ. आनंद तेलतुंबडे होते. पुढे १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. हे साधन वापरले की नाही, हे शपथपत्रावर सांगण्यास केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नकार दिला. न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. पैकी पाचांत घातक प्रणाली आढळली, पण ती पेगॅससच होती असे निश्चित ठरले नाही. सरकारने सहकार्य केले नाही, असेही समितीने नोंदवले.

एनएसओला दोषी धरणारा निकाल आला तो कॅलिफोर्नियातील न्यायालयाकडून, डिसेंबर २०२४ मध्ये. फिर्यादी होती व्हॉट्सअ‍ॅप कंपनी. ज्यूरीने सुमारे १६.८ कोटी डॉलर भरण्यास सांगितले. न्यायाधीशांनी पुढे ती रक्कम बरीच घटवली, मात्र व्हॉट्सअ‍ॅपच्या वापरकर्त्यांना लक्ष्य करण्यास मनाई केली. एका कंपनीला दुसऱ्या कंपनीविरुद्ध जे मिळाले, ते फोन तपासायला देणाऱ्या नागरिकांना मिळालेले नाही. त्यांच्या फोनांविषयीचा अहवाल ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्लीत न्यायालयापुढे उघडला गेला, त्यातील काही ओळी वाचून दाखवल्या गेल्या, आणि तो पुन्हा मोहोरबंद झाला.