मेथड ओव्हरराइडिंग म्हणजे काय? एसटीच्या अर्ध्या तिकिटावरून समजून घ्या

नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवरून बाबा, आई आणि ७८ वर्षांची आजी अमरावतीच्या एसटीत बसले. समजा, पूर्ण तिकीट २०० रुपये आहे. बाबांचे २०० लागतील, आईचे १०० आणि आजीचे शून्य. बस तीच, अंतर तेवढंच, मग भाडं वेगळं का?

कारण ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, तर महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. म्हणजे मूळ नियम कायम, पण काही प्रवाशांसाठी त्याच्या जागी वेगळा नियम. प्रोग्रामिंगमध्ये यालाच मेथड ओव्हरराइडिंग म्हणतात.

हे चालतं कसं?

आपण 'प्रवासी' नावाचा क्लास बनवू. त्यात दोन मेथड: 'भाडं' आणि 'सामान'. आता त्यावरून 'महिला प्रवासी' हा क्लास काढला, की दोन्ही मेथड आपोआप वारशाने मिळतात. हे झालं इनहेरिटन्स. सामानाचा नियम सगळ्यांना सारखाच, म्हणून त्याला हात लावायचा नाही. 'भाडं' मात्र त्याच नावाने पुन्हा लिहायची. मग आईचं भाडं विचारलं की प्रोग्राम आधी 'महिला प्रवासी'मध्ये बघतो. तिथे मेथड सापडली तर तीच चालते, नाहीतर मूळ क्लासची.

थेट १०० लिहायचे का?

नाही. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. १०० लिहून ठेवले तर अशा वेळी बाबांचं तिकीट वाढेल, आईचं जुनंच राहील. त्यापेक्षा 'सुपर' वापरून मूळ क्लासकडून भाडं मागवा आणि त्याला दोनने भागा. दरवाढ एकाच जागी बदलली की काम झालं.

नवशिक्यांची चूक कुठे होते?

नावात. मूळ मेथड 'भाडं' आणि तुम्ही लिहिलं 'भाडे', तर ओव्हरराइड होतच नाही, एक नवीनच मेथड तयार होते. एरर येत नाही, प्रोग्राम मस्त चालतो आणि आईकडून गुपचूप २०० रुपये घेतो! यासाठीच २००४ च्या जावा ५ मध्ये 'ओव्हरराइड' ही खूण आली. ती मेथडच्या वर लिहिली आणि नाव जुळलं नाही, तर कंपायलर तिथेच अडवतो.

त्यामुळे कोड लिहून झाला की तिघांचीही तिकिटं काढून बघा. २००, १००, शून्य आलं, तर जमलं!