इर्ल्याचा क्रूस आणि न झालेला वाद

मार्च 2012 मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागातील वेलंकनी चर्चपाशी क्रूसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि भाविकांची रीघ लागली. विवेकवादी सनल एडमारुकू यांनी पाहणी करून सांगितले, की जवळच तुंबलेले सांडपाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढते आहे. चर्च चमत्कारांवर पैसा कमावते, असा आरोपही त्यांनी दूरचित्रवाणीवर केला. काही कॅथलिकांनी पोलिसांकडे तक्रारी केल्या, धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे दंड संहितेचे कलम 295अ पुढे आले आणि एडमारुकू त्याच वर्षी फिनलंडला गेले.

दुखावलेल्यांची बाजू हलकी नाही. अल्पसंख्य समाजाच्या धर्मगुरूंवर जाहीर आरोप झाला, तर पुरावा मागायलाच हवा. पण जाहीरपणे, तुरुंगाची भीती घालून नव्हे. शिवाय पाण्याच्या निदानाने श्रद्धेचे काय बिघडत होते? चर्चने तो चमत्कार अधिकृतपणे मानलाच नव्हता. पेत्राचे पहिले पत्र (3:15) आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यपणे उत्तर द्यायला सांगते, आणि ते लिहिले आहे निंदा सोसणाऱ्यांनाच. सौम्यपणा म्हणजे शरणागती, असे काहींना वाटते. मुंबईचाच इतिहास वेगळे सांगतो. 1857 मध्ये हिंदू धर्मोपदेशक विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनारी ख्रिस्ती धर्मावर कडाडून टीका करत. राज्य ख्रिस्ती इंग्रजांचे होते, तरी मिशनऱ्यांनी तिथेच उभे राहून उत्तरे दिली आणि त्यांच्यातल्याच जॉर्ज बोवेन यांनी तो वाद, बावांच्या आक्षेपांसकट, पुस्तकरूपाने छापला.