खोटा इशारा आणि खरे कारण

मोटारीच्या डॅशबोर्डवर लागणारा प्रत्येक दिवा हे एक विधान असते. तेल उतरले आहे, दार उघडे आहे, इंजिनातील कूलंट कमी झाले आहे, अशी ही विधाने. विधान म्हटले की ते खरे असेल किंवा खोटे असेल, आणि त्याची पारख करण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी हीच दृष्टी दिली होती. एखादी गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून स्वीकारू नये. ती स्वतः पारखून घ्यावी. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज आयटीआयमध्ये, गॅरेजमध्ये, कारखान्यांत यंत्रांबरोबर काम करीत आहेत. त्यांच्यासाठी, आणि दारात जुने वाहन असलेल्या पालकांसाठीही, अशा एका दिव्याची परीक्षा कशी करावी हे आम्ही येथे मांडत आहोत.

उदाहरणासाठी एक मोटार

जपानमधील हिरोशिमा येथील माझदा कंपनीने २००३ ते २०१२ या काळात आरएक्स-८ नावाची स्पोर्ट्स कार बनवली. तिच्या इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नाहीत. त्रिकोणी आकाराचे दोन रोटर आपापल्या घरात फिरतात. प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटर म्हणजे एकूण १३०८ घनसेंटिमीटर एवढीच या इंजिनाची क्षमता. रोटरी इंजिनाची पहिली मोटार माझदाने १९६७ साली बाजारात आणली, आणि १९९१ मध्ये अशाच प्रकारचे चार रोटरांचे इंजिन बसवलेल्या गाडीने फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली.

आरएक्स-८ च्या मालकांना एक तक्रार फार परिचयाची आहे. टाकीत कूलंट व्यवस्थित असते, गळती कोठेही नसते, तरीही कूलंट कमी असल्याचा दिवा लागतो. कधी वळणावर क्षणभर लागतो, कधी थंड सकाळी लागतो आणि गाडी तापल्यावर विझतो, तर कधी कायमचाच लागून राहतो.

दिव्यामागील रचना

इंजिनाची उष्णता कूलंट वाहून नेते आणि रेडिएटरमध्ये ती हवेला देते. हे मंडल बंद आणि दाबाखाली असते. दाब वाढला की द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो. उघड्यावर १०० अंश सेल्सिअसला उकळणारे शुद्ध पाणी एक बार अतिरिक्त दाबाखाली सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच आतला द्रव वाफेसह उसळतो आणि हात-चेहरा भाजतो.

तापल्यावर फुगणारे कूलंट सामावून घेण्यासाठी प्लास्टिकची एक टाकी असते. तिच्यात चुंबक बसवलेला फ्लोट तरंगतो. त्याच्याजवळ रीड स्विच असतो, म्हणजे काचेच्या बारीक नळीतील दोन पातळ धातूच्या पट्ट्या. चुंबक जवळ आला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात, दूर गेला की सुटतात. या जोडण्या-सुटण्यावरून दिवा लागायचा की नाही हे ठरते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतील अनेक फ्लोट स्विचही याच तत्त्वावर चालतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. दिवा कूलंट पाहत नाही. त्याला केवळ स्विचची अवस्था कळते. स्विचला चुंबकाचे स्थान कळते, आणि चुंबक फ्लोटबरोबर जातो. कूलंटपासून दिव्यापर्यंतच्या या साखळीत एखादी कडी निखळली की विधान खोटे ठरते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने फ्लोटला बारीक चीर जाते, आत द्रव शिरतो आणि फ्लोट बुडतो. जुन्या कूलंटचा गाळ साचून फ्लोट अडकतो. कनेक्टरच्या पिनांवर गंज चढतो. वायरचे आवरण घासून ती गाडीच्या पत्र्याला टेकते. कारणे अनेक असली तरी डॅशबोर्डवर त्यांचे रूप एकच दिसते.

आधी इशारा खरा धरावा

दिवा खोटा लागतो ही ख्याती झाली की माणूस तो पाहणे सोडून देतो. खरा धोका येथेच आहे. रोटरी इंजिन अतितापाला फार नाजूक असते. कूलंटच्या वाहिन्या आणि ज्वलनकक्ष यांच्यामधील सील एकदा तापून निकामी झाले की कूलंट ज्वलनकक्षात उतरते आणि संपूर्ण इंजिन उघडण्यावाचून इलाज राहत नाही. त्यातच आरएक्स-८ चा तापमापक काटा तापमानाच्या मोठ्या पट्ट्यात मध्यावरच स्थिर राहतो. काटा हलेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. शिवाय कूलंट खरोखरच उतरले असेल तर तापमानाचा सेन्सर द्रवाऐवजी वाफेत उघडा पडतो आणि त्याचे मापही विश्वासार्ह राहत नाही.

म्हणून पहिली परीक्षा दिव्याची नव्हे, कूलंटची करावी. रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीत, सपाट जागेवर, टाकीवरील खुणांशी पातळी ताडून पाहावी. टाकीवर चिकटपट्टीची खूण करून आठवडाभर रोज त्याच वेळी तपासावे. पातळी उतरत असेल तर दिवा खराच आहे. मग पंपाने दाब देऊन गळती शोधावी; टाकीत बुडबुडे येतात का, धुराला गोडसर वास येतो का, गाडी थंड असताना सुरू व्हायला कुरकुरते का, हे पाहावे. ओबीडी जोडणीवर साधे स्कॅनर लावल्यास तापमानाचा आकडा दिसतो. गाडी व्यवस्थित असेल तर तो सर्वसाधारणपणे ८० ते १०० अंशांच्या दरम्यान राहतो.

मग साखळीची एकेक कडी

पातळी आठवडाभर हलली नाही आणि तापमान स्थिर राहिले, तरच दिव्याकडे वळावे.

पहिली पायरी: टाकीखालील सेन्सरचा कनेक्टर काढून पिना पाहाव्यात. हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करून पुन्हा जोडावे. पुष्कळदा दोष येथेच संपतो.

दुसरी पायरी: इग्निशन चालू ठेवून कनेक्टर सुटा असताना दिवा पाहावा. नंतर वायरच्या बाजूची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडून पुन्हा पाहावा. काही गाड्यांत दिवा बदलायला काही सेकंद लागतात, तेवढे थांबावे. एका अवस्थेत दिवा लागला आणि दुसरीत विझला तर वायरिंग व डॅशबोर्ड निर्दोष आहेत. दोष सेन्सरकडे आहे. दोन्ही अवस्थांत दिवा तसाच राहिला तर दोष वायरमध्ये किंवा डॅशबोर्डमध्ये आहे. ही परीक्षा साध्या दोन वायरींच्या स्विचसाठी आहे. ज्या सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक मंडल असते तेथे सर्व्हिस मॅन्युअल पाहिल्याशिवाय टोके जोडू नयेत.

तिसरी पायरी: गार गाडीतून टाकी काढून सेन्सरच्या पिनांना मल्टीमीटर लावावा. टाकी सरळ आणि उलटी धरली असता वाचन बदलले पाहिजे. बदलत नसेल तर बाहेरून एक चुंबक सेन्सरजवळ फिरवावा. आता वाचन बदलले तर स्विच जिवंत आहे आणि फ्लोट अडकला किंवा बुडाला आहे. आताही बदलले नाही तर स्विचच गेला आहे.

अडकलेला फ्लोट कोमट पाण्याने टाकी खळखळून धुतल्यावर कधी कधी सुटतो. बुडालेला फ्लोट मात्र पुन्हा तरंगत नाही. आरएक्स-८ मध्ये सेन्सर टाकीतच घडवलेला असल्याने संपूर्ण टाकी बदलावी लागते. बदलल्यानंतर कंपनीने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट भरावे, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवावे, अडकलेली हवा निघू द्यावी, आणि गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

काढलेले कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि दगावतात. झाकणबंद डब्यात भरून ते विल्हेवाटीसाठी द्यावे आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

वायर जोडून टाकण्याचा मोह

या दोषावर दोन मिनिटांत होणारा एक उपाय प्रचलित आहे. सेन्सर वगळून वायर अशा तऱ्हेने बंदिस्त करायच्या की दिवा पुन्हा लागणारच नाही. गिऱ्हाईक खूश होते, पैसे मिळतात. परंतु त्या क्षणापासून गाडी मुकी होते. पुढे एखादा होज फाटला, पंप गळला, तरी चालवणाऱ्याला कोणी सांगणार नाही. गाडी विकली गेली तर नव्या मालकाला आपली गाडी मुकी आहे हेही कळणार नाही.

गिऱ्हाइकाला आज टाकी घेणे परवडत नसेल, ही अडचण खरी असू शकते. अशा वेळी मिस्त्रीने ते स्पष्ट सांगावे, बिलावर लिहून द्यावे आणि दर आठवड्याला गार गाडीत पातळी पाहण्याची सवय लावावी. सम्यक आजीविका आपण वंदनेच्या वेळी ऐकतो; गॅरेजमध्ये तिचे रूप एवढेच असते की जे गिऱ्हाइकाला दिसत नाही तेही प्रामाणिकपणे करावे किंवा न केल्यास सांगावे.

ही पद्धत आरएक्स-८ पुरती मर्यादित नाही. पाण्याची टाकी, मोठा जनरेटर, ट्रॅक्टर, कोठेही इशारा संशयास्पद वाटला तर क्रम हाच ठेवावा. आधी ज्या गोष्टीविषयी इशारा आहे ती गोष्ट प्रत्यक्ष पाहावी, मग इशारा देणारी साखळी तपासावी, सापडलेले कारण दूर करावे आणि ते खरोखर दूर झाले की नाही याची काही दिवस खात्री करावी. कारणामुळे कार्य घडते आणि कारण नाहीसे झाले की कार्यही थांबते, हे धम्माचे सूत्र आपल्या विद्यार्थ्यांनी प्रार्थनागृहात ऐकले आहे. हातात मल्टीमीटर असतानाही त्यांनी तेच वापरावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.