वर्ग चार, शिक्षक दोन. मग शिकवतात कसं?

साडेदहाची घंटा होते, परिपाठ संपतो आणि मुलं दोन खोल्यांमध्ये जातात. एका खोलीत पहिली आणि दुसरी, दुसरीत तिसरी आणि चौथी. पहिलीतलं मूल 'क' गिरवत असतं. शेजारच्या रांगेत दुसरीची मुलं हातच्याच्या बेरजेपाशी अडलेली असतात. तेवढ्यात खिचडीचा तांदूळ मोजून द्यायची वेळ होते आणि फोनवर 'तातडीने माहिती पाठवा' असा मेसेज येतो.

वाडी-वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये हे चित्र नवं नाही. अशा शाळेला द्विशिक्षकी शाळा म्हणतात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत चार शिक्षक एकत्र आले की चहाच्या वेळी विषय हाच निघतो: एका वेळी दोन वर्गांना शिकवायचं तरी कसं?

मुळात शिक्षक दोनच का?

कारण कायदा मुलं मोजतो, वर्ग मोजत नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी पट 60 पर्यंत असेल तर दोन शिक्षक, 61 ते 90 असेल तर तीन आणि 91 ते 120 असेल तर चार. 'तीस मुलांमागे एक शिक्षक' हे प्रमाण कागदावर चांगलंच दिसतं. पण वस्तीवरच्या शाळेत मुलंच 28 असतील तर? दोन शिक्षक म्हणजे चैन, असं बाहेरच्याला वाटतं. वर्ग मात्र चारच राहतात आणि पुस्तकंही चार इयत्तांची.

आता एक साधं गणित करून पाहा. याच अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलं आहे. म्हणजे रोजचे चार तास. एका शिक्षकाकडे दोन वर्ग असतील, तर प्रत्येक वर्गाच्या वाट्याला शिक्षक येतो दोनच तास. दुसरा शिक्षक रजेवर, प्रशिक्षणाला किंवा मीटिंगला गेला की उरतो एक तास. बाकी वेळ मुलं फळ्यावरचं उतरवत बसतात.

शिक्षक शाळेबाहेर का जातो?

कायद्याच्या कलम 27 नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसरी अशैक्षणिक कामं देता येत नाहीत. मतदार याद्यांचं काम सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितलं आहे. पण शिक्षकांची खरी कुरकुर वेगळ्याच कामांबद्दल असते, जी या कलमात कुठेच बसत नाहीत. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे 100 ग्रॅम धान्य धरायचं, किती मुलं जेवली त्याची नोंद करायची, यूडायसची माहिती भरायची. अशा शाळेत ना कारकून असतो ना शिपाई. मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पदही पट दीडशेच्या पुढे गेल्यावर. त्यामुळे दोघांपैकी जो सेवेत जुना, तोच मुख्याध्यापक आणि तोच वर्गशिक्षक.

सगळ्यात अवघड वर्ग कोणता?

बाहेरच्याला चौथी वाटेल. शिक्षक बहुधा पहिली सांगतात. चौथीच्या मुलाला 'धडा वाच आणि प्रश्नांची उत्तरं लिही' असं सांगून अर्धा तास गुंतवता येतं. पहिलीच्या मुलाला वाचताच येत नाही, त्यामुळे त्याला लिखित सूचना देऊन बसवता येत नाही. त्याच्याजवळ बसावं लागतं, तोंड पाहून बोलावं लागतं. नेमका तोच वेळ नसतो. मग पहिलीत सुटलेलं अक्षर तिसरीत उतारा वाचताना आडवं येतं.

त्यात ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या शाळा. दिवाळीच्या सुमाराला आईवडिलांबरोबर गेलेलं मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं. वयानुसार ते चौथीत बसतं, आणि कायद्याने तसंच बसवायला हवं. वाचन मात्र दुसरीच्या पातळीचं. म्हणजे पटावर वर्ग चार, प्रत्यक्षात पातळ्या सहा-सात.

यावर उपाय आहेत का?

आहेत, आणि ते आपल्या देशातच तयार झाले आहेत. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी इयत्तेऐवजी शिडीची पद्धत बसवली. अभ्यासाचे छोटे टप्पे, प्रत्येक टप्प्याला कार्ड, आणि मूल आपल्या गतीने पुढच्या पायरीवर जातं. खंड पडला तरी ते परत येऊन सोडलेल्या पायरीपासूनच सुरू करतं. स्थलांतरित मुलासाठी हे फार मोलाचं. कार्डं मात्र तयार करावी लागतात आणि त्यासाठी पुन्हा वेळच लागतो.

अनेक शिक्षक आपापल्या परीने तोडगा काढतात. परिसर अभ्यास दोन वर्गांना एकत्र शिकवायचा आणि प्रश्न वेगवेगळे द्यायचे. चौथीतल्या मुलीला पहिलीच्या गटात गोष्ट वाचायला बसवायचं. यात एक धोका आहे: हुशार मूल रोज 'छोट्या बाई' होऊन बसतं आणि त्याचा स्वतःचा अभ्यास मागे पडतो. आठवड्यातून दोनदा, थोडा वेळ, इतपतच ते बरं.

पालक काय करू शकतात?

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, अशी तरतूद कायद्यात आहे. समितीच्या बैठकीत रंगरंगोटी आणि गणवेशावर बोलून होतं. तिथे एक प्रश्न विचारून पाहा: गेल्या महिन्यात दोन्ही शिक्षक एकाच वेळी शाळेत किती दिवस होते? उत्तर शोधायला कुठे जायची गरज नाही. ते शिक्षक हजेरीपत्रकात आणि हालचाल रजिस्टरमध्ये, शाळेच्याच कपाटात असतं.