अजिंठा लेणी पाहिलीत, पण समोरच्या डोंगरावर चढलात का? वाघोरा नदीच्या काठची ‘गोल फेरी’ काय सांगते?

बिडकीन असो, पैठण असो की सिल्लोड, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या माणसाने अजिंठा एकदा तरी पाहिलेला असतो. बहुतेक वेळा शाळेच्या सहलीत. पहिल्या लेणीत पद्मपाणीचं चित्र, सव्विसाव्या लेणीत पहुडलेले बुद्ध, मग भूक लागते आणि सगळे परत बसकडे.

पण ज्या जागेवरून ही सगळी लेणी एका नजरेत दिसतात, ती जागा राहूनच जाते. नदीपलीकडच्या डोंगरावरचा व्ह्यू पॉइंट. तिथे गेल्याशिवाय लेणी नेमकी इथेच का कोरली, हे नीट कळत नाही.

ही फेरी कशी करायची?

बिडकीनहून शहर, फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव असं करत घाट उतरला की फर्दापूर येतं. अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. फर्दापूरच्या टी पॉइंटवर गाडी लावायची आणि तिथून बसने चार किलोमीटरवर लेण्यांच्या पायथ्याशी पोहोचायचं.

आधी कड्याच्या पोटातल्या पायवाटेने एकामागून एक लेणी पाहायची. मग पायऱ्या उतरून नदीकडे यायचं, पूल ओलांडायचा आणि समोरचा डोंगर चढायचा. चढ अर्ध्या तासाचा, पण दमवणारा. वाटेत थोडं खाली एक थांबा आहे, मुख्य व्ह्यू पॉइंट त्याच्याही वर. तिथून उतरून परत प्रवेशद्वाराशी आलात की फेरी पूर्ण.

चढणं जमणार नसेल तर वरच्या व्ह्यू पॉइंटपर्यंत गाडीरस्ताही आहे. घरातल्या ज्येष्ठांसाठी तो सोयीचा.

वरून नेमकं काय दिसतं?

घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा, त्यात ओळीने ३० लेणी आणि खाली वाघोरा नदी.

हा आकार नदीने घडवला आहे. हा सगळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तयार झालेला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. नदी वळण घेते तेव्हा बाहेरच्या बाजूला पाण्याचा मारा जास्त असतो, म्हणून तो काठ खोदला जाऊन उभा होतो. आतला काठ मात्र उतरता राहतो. अजिंठ्यात बाहेरच्या बाजूला सुमारे ७६ मीटर उंचीचा उभा कडा तयार झाला आणि त्यात लेणी कोरली गेली. व्ह्यू पॉइंट वळणाच्या आतल्या बाजूला आहे, म्हणून तिथून पूर्ण कमान दिसते.

भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी मुक्काम करावा लागे. उभा खडक, पायथ्याशी पाणी आणि वर्दळीपासून लांब अशी जागा त्यांना इथे मिळाली. सर्वात जुनी लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली. नंतरची बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. सोळावी लेणी त्याचा मंत्री वराहदेव याने करवून घेतली, तसा शिलालेखच तिथे आहे.

वरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. आज सगळ्या लेण्यांना जोडणारी जी वाट आहे, ती नंतरची. पूर्वी लेण्यांमधून थेट नदीत उतरणारे कोरीव जिने होते. म्हणजे तेव्हा लेण्यांची खरी वाट नदीच होती.

वाघोरा जाते कुठे?

बिडकीन परिसरातलं पाणी गोदावरीला मिळतं. वाघोरा मात्र उलट दिशेला, उत्तरेकडे जाते. पुढे तिला वाघूर म्हणतात आणि ती तापीला मिळते. अजिंठ्याचा डोंगर म्हणजे या दोन खोऱ्यांमधला बांध. एकाच जिल्ह्यात पडलेला काही पाऊस बंगालच्या उपसागराकडे जातो आणि काही अरबी समुद्राकडे!

आणि तो इंग्रज अधिकारी?

२८ एप्रिल १८१९. मद्रास फौजेच्या घोडदळातला जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीसाठी या भागात आला होता. समोरच्या डोंगरावरून त्याला दहाव्या लेणीची कमान दिसली, असं सांगितलं जातं. एप्रिल महिना, झाडं निष्पर्ण, त्यामुळे ती दिसणं सोपं गेलं असावं.

याला ‘शोध’ म्हणतात, पण आसपासच्या लोकांना लेणी माहीत होतीच. स्मिथमुळे ती जगाला कळली, एवढंच. जाताना त्याने दहाव्या लेणीतल्या खांबावर, चित्रावरच, आपलं नाव कोरलं. ते नाव आज डोक्यापेक्षा उंचावर दिसतं, कारण तेव्हा लेणीत मातीचा ढीग होता आणि तो त्यावर उभा होता.

आज असं नाव कोरलं तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही.

कधी जायचं, काय सांभाळायचं?

पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो आणि नालेच्या टोकाशी सप्तकुंडाचा धबधबा टप्प्याटप्प्याने कोसळतो. याच दिवसांत गर्दी असते आणि धोकाही. जुलै २०२३ मध्ये सेल्फी काढताना एक तरुण इथे सप्तकुंडात पडला होता. दोर टाकून त्याला वाचवण्यात आलं. प्रत्येकाचं नशीब तसं नसतं. ओल्या बेसॉल्टवर शेवाळ असतं, ते दिसत नाही. कठड्याच्या पलीकडे पाय टाकू नका. पाऊस सुरू असेल तर व्ह्यू पॉइंटची वाट उघडी आहे का, हे आधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा.

सोमवारी लेणी बंद असतात. इतर दिवशी सकाळी लवकर पोहोचा, सोबत पाणी ठेवा आणि चांगली पकड असलेले बूट घाला.

पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात तर परतीची बस तासा-दोन तासांनी उशिरा पकडा. लेण्यांच्या आत माणसाची कलाकुसर दिसते. नदीने त्यासाठी कडा कसा तयार करून ठेवला, ते समोरच्या डोंगरावरूनच दिसतं.