जुन्या फोर्कलिफ्टचा मास्ट बदलण्यापूर्वी

धाराशिव जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा वाढला, तसतशी शेतकऱ्यांच्या संस्थांची व उत्पादक कंपन्यांची गोदामे उभी राहिली, आणि हमालाच्या पाठीवरचे ओझे उचलणारी फोर्कलिफ्ट गाडीही त्यांत आली. नवी परवडत नाही म्हणून जुनी घेतली जाते, आणि तिचा पुढचा उभा सांगाडा, ज्यास मिस्त्री लोक मास्ट म्हणतात, तो झिजलेला निघाला की 'दुसरा आणून बसवा' असा सल्ला मिळतो. परंतु हे काम गाडीचे जू बदलण्याइतके सरळ नव्हे.

मास्ट म्हणजे एकीत दुसरी सरकणारी अशा पोलादी पन्हळींच्या दोन जोड्या. आतली जोडी तेलाच्या दाबाने वर जाते, आणि मोटेचा नाडा चाकावरून जावा तशा साखळ्यांच्या योगे माल धरणारे दाते चढतात. खडखड आवाज येतो एवढ्यावरून मास्ट निकामी ठरवू नये. पुष्कळदा रोलर व बुश झिजलेले असतात. ते निराळे मिळतात. नवेपणी १०० इंच भरणारा साखळीचा तुकडा १०३ इंच भरू लागला तर साखळी बदलावी. दात्याची टाचेजवळची जाडी ४० मिलिमीटरची ३६ झाली तर दाता बाद समजावा. पन्हळच वाकली अथवा सांध्याशी चीर गेली, तरच मास्ट बदलण्याचा विचार करावा. ती चीर गावातल्या गावात वेल्डिंगने भरून घेऊ नये. तापलेले पोलाद त्या जागी पूर्वीच्या बळाचे राहत नाही.

आता मुख्य गोष्ट. फोर्कलिफ्ट ही एक तराजूच होय. पुढच्या चाकांचा आस हा टेकू. मागे जड लोखंड, पुढे माल. समजा, गाडी २,००० किलोंची आहे व मालाचा मध्य आसापासून ९०० मिलिमीटरवर पडतो. दोहोंचा गुणाकार १८ लाख. एवढाच जोर मागचे लोखंड सुरक्षितपणे तोलते. भंगार बाजारातून आणलेला मास्ट जाड निघाला व माल ८० मिलिमीटर पुढे सरकला, तर १८ लाखांस ९८० ने भागावे. सुमारे १,८३६ किलो येतात. त्यातून तो मास्ट जुन्याहून १५० किलो जड असून ते जादा वजन आसापुढे २५० मिलिमीटरवर पडत असेल, तर आणखी ३८ किलो जातात. पॅलेटचे वजन बाजूस ठेवले तरी, ५० किलोंच्या ४० गोणी उचलणारी गाडी आता ३५ उचलील. चालक मात्र सवयीने ४० च घालणार, आणि मागची चाके उचलली जातील तेव्हा पुढे कोण हमाल उभा असेल, हे कोणी सांगावे? हे आकडे उदाहरणापुरते आहेत. मास्ट अधिक उंच असल्यास घट आणखी होते. शिवाय तो गोदामाच्या दारातून जाईल की नाही, हेही आधी मोजावे.

महसूल खात्यात आमची उमर गेली. जमीन विकली आणि फेरफार न होता सातबारावर जुनेच नाव राहिले, तर पुढे काय होते हे वाचकांस सांगणे नलगे. गाडीवरील क्षमतेची पाटी हा तिचा सातबाराच. गाडीचा नमुना व अनुक्रमांक कळवून, ती ज्याने बनविली त्या कारखानदाराकडून नव्या मास्टचा भार लेखी मागवावा आणि पाटी बदलून घ्यावी. विकणाऱ्याच्या तोंडी हमीस आम्ही कवडीची किंमत देत नाही.

बसविणारा मिस्त्री सोलापूर किंवा लातूरहून आणावा लागला तरी अनुभवीच असावा. दाते जमिनीस टेकवून तेलाचा दाब उतरवावा, चाकांस व सांगाड्यास ठोकळे द्यावेत. क्रेनच्या पट्ट्यांत मास्ट पक्का धरल्यावाचून खिळी काढू नयेत. माणूस चिरडण्याचे भय येथेच सर्वांत अधिक. आसाजवळचे बुश या संधीस नवेच घालावेत. मग दोन्ही साखळ्यांचा ताण सारखा करावा, रिकामे दाते आठ-दहा वेळा वरखाली करून तेलातील हवा काढावी आणि टाकीतील तेल पुन्हा पाहावे. प्रथम निम्मा भार हातभर उचलून दहा मिनिटे तसाच ठेवावा. दाते आपोआप खाली उतरू लागले तर सिलिंडर अथवा व्हॉल्व्ह गळतो असे समजावे. ते दुरुस्त होईपर्यंत पाटीवरील पूर्ण भार उचलू नये.